अल्लाह बंद : भूकंपाने घडविलेले रण

१६ जून १८१९ रोजी कच्छ भूकंपाने हादरले. सिंद्रीचा किल्ला व भोवतालची भूमी खचून खाऱ्या पाण्याखाली गेली. उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यांहून वेगळा म्हणून लोकांनी त्यास ‘अल्लाह बंद’ म्हटले. सिंधमधील बंधाऱ्यांमुळे सिंधूच्या पूर्व शाखेचे गोडे पाणी आधीच आटले होते. १८२६ च्या पुराने हा बंदही फोडला. परंतु नदीचा नित्य प्रवाह परतला नाही. आज पावसाळ्यात मोठ्या रणात उथळ पाणी साचते आणि रोहित पक्षी चिखलाची घरटी रचतात. काही मीटरांच्या चढउतारावर येथे शेत, सरोवर की रण, हे ठरते. किनाऱ्यालगत बांध घालताना हा इतिहास विसरू नये.