सिनोव्हुयो पालकवर्ग

सिनोव्हुयो पालकवर्ग : दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात आकाराला आलेला, १० ते १८ वर्षांची मुले आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसे यांचा एकत्र भरणारा वस्तीपातळीवरचा वर्ग. नाव खोसा भाषेतले असून ‘आमच्यापाशी आनंद आहे’ असा त्याचा अर्थ होतो. घरातली मारहाण व शिवीगाळ थांबावी, मोठ्यांचे आणि मुलांचे बोलणे वाढावे आणि घराबाहेरच्या धोक्यांपासून मुले सुरक्षित राहावीत, यासाठी तो भरवला जातो.

पार्श्वभूमी : ईस्टर्न केप हा देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक. वर्णभेदाच्या राजवटीत ट्रान्सकाय व सिस्काय हे कृष्णवर्णीयांसाठी राखलेले ‘स्वदेश’ याच भागात होते. तिथे रोजगार नव्हता, म्हणून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जोहान्सबर्गकडच्या खाणींत कामाला जात आणि वर्षाकाठी कधीतरी घरी येत. पुढे एड्सच्या साथीने तरुण आईबाप हिरावून नेले. त्यामुळे इथे ‘पालक’ म्हणजे आई आणि वडील असे धरून चालत नाही. कित्येक घरांत आजी स्वतःच्या वृद्धापकाळाच्या पेन्शनवर आणि मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर नातवंडांना वाढवते. मावशी, आत्या, थोरली बहीण यांच्याकडेही ही जबाबदारी येते. सिनोव्हुयोची आखणी या माणसांना समोर ठेवून झाली. दोन कमावते पालक आणि स्वतंत्र खोली असलेले मूल गृहीत धरणारे वर्ग त्यांच्या काही कामाचे नव्हते.

उगम : वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात असे वर्ग काही दशके चालत आले होते, पण त्यांचे साहित्य आणि प्रशिक्षण महागडे. गरीब देशांना परवडतील असे वर्ग तयार करण्यासाठी २०१२ मध्ये ‘पॅरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ’ हा उपक्रम सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि ऑक्सफर्ड, केप टाउन, स्टेलनबॉश व बँगोर ही विद्यापीठे त्यात सहभागी होती. ल्युसी क्लूव्हर, कॅथरीन वॉर्ड, फ्रान्सिस गार्डनर व जेमी लॅकमन ही त्यातली प्रमुख नावे. लॅकमन यांची ‘क्लाउन्स विदाउट बॉर्डर्स साउथ आफ्रिका’ ही संस्था प्रत्यक्ष वर्ग चालवण्यात पुढे होती. वर्गाच्या पुस्तिका कोणालाही फुकट वापरता येतात. हा निर्णय अभ्यासक्रमातल्या कुठल्याही धड्याइतकाच मोलाचा आहे.

वर्गाचे स्वरूप : एकूण १४ सत्रे, आठवड्याला एक. त्यांपैकी १० सत्रांत मोठे आणि मुले एकत्र बसतात, चार सत्रे दोघांची वेगवेगळी होतात. वर्ग चालवणारे बहुतेक वस्तीतलेच असतात. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नसते, पण या कामाचे प्रशिक्षण मिळालेले असते. सर्वजण गोलाकार बसतात आणि गाण्याने सुरुवात होते. मग गेल्या आठवड्यात घरी करायला दिलेल्या सरावाचे काय झाले, हे प्रत्येक घर सांगते. नवा विषय व्याख्यानातून येत नाही, तो चित्रकथेतून किंवा छोट्या नाट्यप्रवेशातून येतो. मुलगी उशिरा घरी आली, आजी दारातच ओरडली, असा प्रसंग आधी नेहमी घडतो तसा करून दाखवायचा. मग तोच प्रसंग वेगळ्या रीतीने. कधी आजी नातीची भूमिका घेते आणि नात आजीची. कोणी म्हणाले, ‘मारल्याशिवाय मुले ऐकत नाहीत’, तर कार्यकर्ता वाद घालत नाही. आधी ते बोलणे स्वीकारायचे, त्यामागचा अनुभव विचारायचा, तो गटातल्या इतरांच्या अनुभवाशी जोडायचा आणि शेवटी पर्याय करून पाहायला लावायचा, अशी ठरलेली रीत आहे. जे कुटुंब सत्राला येऊ शकले नाही, त्याच्या घरी जाऊन धडा पोहोचवला जातो.

विषयांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. पहिल्या काही आठवड्यांत शिस्तीचा शब्दही निघत नाही. एकमेकांसोबत वेळ घालवणे, केलेल्या चांगल्या गोष्टीचे नाव घेऊन कौतुक करणे, मनातले सांगणे, राग आला की थांबणे, हे आधी. नियम आणि भांडण न करता प्रश्न सोडवणे त्यानंतर. लहान मुलांच्या पालकांसाठी केप टाउनजवळच्या खायेलित्शा व न्यांगा या वस्त्यांत जो जोडवर्ग झाला, त्यात हीच गोष्ट गोल झोपडीच्या चित्राने सांगितली जाते : खेळ, गप्पा व कौतुक या भिंती, नियम हे वरचे छप्पर, भिंती उभ्या राहिल्याशिवाय छप्पर घालता येत नाही.

पैशाची सत्रे : या वर्गाचा सर्वांत धाडसी भाग हाच. घरखर्चाचा ताळेबंद मांडणे आणि कुटुंबाने मिळून बचत ठरवणे, यासाठी वेगळी सत्रे आहेत. मुलेही त्यांत बसतात. घरात किती पैसे येतात आणि कुठे जातात, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळते. या भागात भरमसाट व्याजाने पैसे देणारे खासगी सावकार, ‘माशोनिसा’, सर्वत्र आहेत. आपल्या भिशीसारखी ‘स्टोकव्हेल’ ही बचतीची प्रथाही आहे. महिनाअखेरीस पीठ संपलेल्या घरात चपलेसाठी हट्ट धरणाऱ्या मुलावर हात का उगारला जातो, हे ज्याला समजले आहे त्यानेच हा अभ्यासक्रम आखला असणार. गरिबीचा ताण बाजूला ठेवून पालकांना केवळ संयम शिकवणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

परिणाम : ईस्टर्न केपमधल्या किंग विल्यम्स टाउन (आताचे कोन्से) परिसरातल्या ४० गावांत व वस्त्यांत ५५२ कुटुंबांवर यादृच्छिक चाचणी झाली. निम्म्या ठिकाणी १४ आठवड्यांचा वर्ग, उरलेल्या ठिकाणी स्वच्छतेविषयीचे एका दिवसाचे शिबिर. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘बीएमजे ग्लोबल हेल्थ’मध्ये आले. वर्ग संपल्यानंतर पाच ते नऊ महिन्यांनी मोठ्यांनी सांगितलेले छळाचे प्रसंग तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते. मुलांकडे लक्ष वाढले होते, हे मोठ्यांनी आणि मुलांनी, दोघांनीही सांगितले. मोठ्यांचा मानसिक ताण व व्यसन घटले, मुलांमधले नशापाणीही कमी झाले, घरचा आर्थिक व्यवहार सुधारला. मात्र मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत, त्यांचे मानसिक आरोग्य बदलले नाही आणि दुर्लक्षाचे प्रमाणही घटले नाही. हे अपयश झाकून ठेवले गेले नाही, म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

प्रसार : पुढे टांझानियात ‘फुराहा टीन्स’ या नावाने हा वर्ग स्वाहिली भाषेत गेला. लहान मुलांच्या पालकांसाठीच्या वर्गाची रूपे फिलिपिन्स, थायलंड, रुमानिया, मोल्दोव्हा येथे झाली. खुद्द दक्षिण आफ्रिकेत शाळांतली छडी १९९६ च्या कायद्याने बंद झाली होती; घरातल्या ‘वाजवी शिक्षे’चा पालकांना असलेला बचाव तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केला. कायद्याने मारण्याची मुभा काढून घेतली आहे, त्यामुळे मारण्याऐवजी काय करायचे हे दाखवणाऱ्या अशा वर्गांची तिथली गरज अधिकच वाढली आहे.