मुखातून जन्म, पायांतून जन्म : कथा कोणासाठी?

उत्तर युरोपातल्या नॉर्स कथेत देव यमिर नावाच्या राक्षसाला मारतात. त्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र आणि कवटीचे आकाश होते. बाबिलोनच्या कथेत मर्दुक तिआमतला चिरून तिच्या देहाचे आभाळ करतो. अशा भयंकर कथा का रचल्या गेल्या? जग कसे झाले हे माणसाला ठाऊक नव्हते. बळी देणे ठाऊक होते. ठाऊक गोष्टीवरून त्याने अज्ञाताचा अर्थ लावला. यात लाजण्यासारखे काही नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तातही देव पुरुषाचा बळी देतात. त्यातून चंद्र-सूर्य होतात. पण इथे मुखातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्रही निघतो! ही निसर्गाची उकल नाही. ही माणसांची उतरंड आहे, देवाच्या नावावर खपवलेली.

तथागतांनी अग्गञ्ञ सुत्तात दाखवून दिले : ब्राह्मण स्त्रियाही गर्भार होतात, बाळंत होतात, मग मुखातून जन्म कसला? जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त याच कथेची खिल्ली उडवली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात हे सूक्त तपासून त्याचा दावा मोडून काढला.

यमिरच्या कथेने कोणाचे पाणी तोडले नाही. पुरुषाच्या कथेने तोडले. म्हणून मित्रांनो, प्रत्येक कथेला विचारा : तू जग समजावतेस, की कोणाला पायाशी बसवतेस?

जय भीम!