पाववाला : बलुत्याबाहेरचा एक परस्थ व्यवसाय

हिंगोली जिल्ह्याचे परंपरागत अन्न ज्वारीची भाकरी होय. ज्वारीच्या पिठात गव्हातील ग्लुटेनसारखे ताणले जाणारे प्रथिन नसल्यामुळे ते आंबवून फुगविता येत नाही. गरम पाण्यात मळून, हातावर थापून, तव्यावर व मग निखाऱ्यावर भाजून ते लगोलग खावे लागते. भाकरीच्या या गुणधर्मातून एक सामाजिक व्यवस्थाही उपजली. भाजण्याचे काम प्रत्येक घराच्या चुलीवर व त्या घरच्या स्त्रीच्या हातून होत राहिले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशी बलुतेदारांची जी यादी गावगाड्याच्या वर्णनांतून आढळते, तीत अन्न भाजून देणारा कारागीर कोठेच दिसत नाही. ज्याची गावाला गरज नव्हती, त्याला गावाने बलुते दिले नाही, वतन दिले नाही, आणि नावही दिले नाही.

पाव भाजणारा मनुष्य महाराष्ट्रात आला तो या रिकाम्या जागेत. तो नेहमी बाहेरून आला : प्रथम गोमंतकातून, पुढे इराणातून. याचे कारण बहुधा परक्यांच्या उद्यमशीलतेत शोधले जाते. ती उद्यमशीलता नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या जोडीला दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा व्यवसाय येथील माणसाने करू नये अशी येथील समाजाचीच व्यवस्था होती, आणि परस्थाने आपला धंदा उभारला तो त्या निषेधाने मोकळ्या ठेवलेल्या भूमीवर. या व्यवसायाने दप्तरे फारशी मागे ठेवली नाहीत. त्याने शब्द मात्र ठेवले. म्हणून त्याचा इतिहास पाहताना शब्दांची साक्ष काढणे इष्ट ठरते.

इ. स. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. गव्हाच्या आंबविलेल्या पावाशिवाय त्यांचा आहार चालत नव्हता आणि ख्रिस्ती उपासनेतही गव्हाच्या भाकरीला स्थान होते. युरोपातील किण्व येथे मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने, म्हणजे गोमंतकी भाषेतील ‘सुरे’ने, पीठ आंबविण्याची युक्ती रूढ झाली. साष्टी तालुक्यातील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी ही कला आत्मसात केली. माजोर्डा या गावाचे नाव या संदर्भात आजही आवर्जून घेतले जाते. पहाटे पाटी घेऊन दारोदार फिरणारा हा कारागीर म्हणजे ‘पोदेर’. हा शब्द पोर्तुगीज ‘पादेइरू’पासून आला; आणि ‘पाव’ हा त्याच भाषेतील ‘पांव’सारख्या सानुनासिक उच्चाराच्या शब्दापासून. मराठीत येताना त्यातील अनुनासिकत्व गळाले.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीने ‘पाव’ स्वीकारला. ‘पोदेर’ मात्र गोमंतक व त्याच्या सीमेपलीकडे फारसा आला नाही. वस्तूचे नाव घेतले, करणाऱ्याचे घेतले नाही. उरलेल्या महाराष्ट्रात त्याला ‘पाववाला’ म्हणजे केवळ ‘पाव असलेला मनुष्य’ असे म्हटले गेले आणि पुढे इंग्रजी ‘बेकरी’वरून ‘बेकरीवाला’. लोहार व कुंभार यांच्या नावांमागे ‘लोहकार’ व ‘कुंभकार’ ही कर्त्याची नावे उभी आहेत. पाववाल्याच्या नावात कर्तृत्व नाही, विक्री तेवढी आहे. याच्या जोडीला लोकव्युत्पत्ती पाहावी. पीठ पायांनी तुडवितात म्हणून ‘पाव’, अशी समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित आहे. भाषाशास्त्रदृष्ट्या ती निराधार आहे. परंतु सामाजिक पुरावा म्हणून ती मोलाची आहे, कारण शब्दाचा उगम शोधण्याच्या मिषाने तीत अन्नाविषयीची किळस व भाजणाऱ्याविषयीचा तुच्छभाव व्यक्त झाला आहे.

गोमंतकात जमीन तुटपुंजी आणि रोजगार अपुरा असल्याने एकोणिसाव्या शतकात तेथील ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने मुंबईस येऊ लागले. गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव व आसपासच्या भागात आपापले ‘कूड’ म्हणजे सामायिक निवास चालविले. खलाशी, आचारी, वाजंत्री यांच्याबरोबर पोदेरही तेथे आले. मुंबईत गोऱ्या अधिकाऱ्यांची, पलटणींची व जहाजांची गिऱ्हाइकी होती. हिंदू वस्तीत मात्र त्यांचा पाव निषिद्ध होता. हा निषेध किती कडक होता याचे गमक परमहंस सभेच्या इतिहासात सापडते. मराठी व्याकरणाचे आद्य प्रणेते दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या पुढाकाराने 1849 मध्ये मुंबईत ही गुप्त सभा स्थापन झाली. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. ज्या अज्ञात पोदेराने तो भाजला त्याच्या लेखी ती रोजची विक्री होती. खाणाऱ्याच्या लेखी ते जन्मजात समाजाशी नाते तोडणे होते. सभासदांची नावे बाहेर फुटल्यावर सुमारे 1860 च्या सुमारास सभा विस्कटली, यावरून त्या तुकड्याची किंमत कळते.

चाळीस वर्षांनीही स्थिती फारशी पालटली नव्हती. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली जाताच ग्रामण्य उभे राहिले. रानडे व टिळक यांच्यासारख्या परस्परविरोधी मतांच्या पुढाऱ्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. आक्षेप गव्हाला नव्हता, साखरेला नव्हता. तो हाताला होता. अशा परिस्थितीत सवर्ण हिंदू या धंद्यात उतरणे दुरापास्त होते, आणि अस्पृश्य गणलेल्याने भाजलेला पाव तर बाजारात खपणेच अशक्य होते. म्हणून भट्टी राहिली ती जातिव्यवस्थेच्या बाहेरून आलेल्याकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या प्रारंभी या परस्थांत इराणी लोकांची भर पडली. यझ्द व केर्मान या प्रांतांतील झरतुश्ती रयत काजार राजवटीत जिझिया व नाना प्रकारचे निर्बंध सोशीत होती. मुंबईच्या पारशी समाजाने 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठविले; त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 मध्ये जिझिया रद्द झाला. तरीही दारिद्र्य व असुरक्षितता यांमुळे लोक येतच राहिले. ते प्रारंभी पारशी घरांतून चाकरी करीत, पुढे चहाचे दुकान, उपाहारगृह वा बेकरी काढीत. मुंबईत कयानी आणि कंपनी 1904 मध्ये व ग्रँट रोड स्थानकाजवळचे बी. मेरवान 1914 मध्ये सुरू झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळे, असे परंपरेने सांगितले जाते. ही परंपरा खरी धरल्यास येथेही तोच न्याय दिसतो : स्थानिकांनी टाकलेली जागा परस्थाच्या भरभराटीस कारण झाली.

पुण्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. लष्कर भागातील ईस्ट स्ट्रीटवर 1955 मध्ये खोदायार व होर्मजदियार या इराणी बंधूंनी कयानी बेकरी सुरू केली. ‘कयानी’ हे नाव फिरदौसीच्या शाहनाम्यातील कयानी राजवंशाचे. तिचे सर्वांत प्रसिद्ध बिस्कीट ‘श्रूजबेरी’ हे इंग्लंडमधील एका गावाच्या नावाचे. आणि ते गावी जाताना आवर्जून बांधून नेणारा ग्राहकवर्ग बहुतांशी मराठी. ज्या शहरात 1890 मध्ये परक्या घरच्या बिस्किटांवरून ग्रामण्य झाले, त्याच शहरात पासष्ट वर्षांनी निघालेल्या एका इराणी बेकरीचे बिस्कीट पुण्याची ओळख म्हणून पाहुण्यास दिले जाऊ लागले. हा पालट कोणत्याही ठरावाने झाला नाही. दररोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या चवीचा माल रोखीने विकणाऱ्या दुकानदारांनी तो दोन-तीन पिढ्यांत घडवून आणला. इराण्यांच्या मेजावरील फार्सी ‘मस्का’ही मराठी बोलीत इतका मुरला, की ‘मस्का लावणे’ हा खुशामतीचा वाक्प्रचार वापरताना त्याच्या परकेपणाची कोणास आठवणही होत नाही.

हिंगोलीचा या इतिहासाशी संबंध दोन वाटांनी येतो. हे गाव हैदराबाद कंटिंजंट फौजेचे ठाणे होते. तेथील छावणी 1903 मध्ये उठली. फौजेतील शिपाई हिंदी व वरचे अधिकारी युरोपीय, त्यामुळे अशा ठाण्यांत पाव हे मूठभर साहेबांच्या मेजावरचे अन्न होते. दुसरी वाट भाषेची. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादच्या उर्दूत पावाला ‘डबल रोटी’ म्हणतात. त्यापासून केलेला ‘डबल का मीठा’ तेथील मेजवानीत प्रसिद्ध आहे. कोकणपट्टीकडून आलेला ‘पाव’ व दक्षिणी उर्दूतील ‘डबल रोटी’ अशा दोन शब्दमार्गांच्या मध्ये मराठवाडा वसला आहे. 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आल्यावर त्याचा मुंबईशी राजकीय व व्यापारी संबंध दृढ झाला. 1999 मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला.

1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावाची गाडी लावली व या पदार्थाचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. या मराठी म्हणून मिरविणाऱ्या खाद्यातील ‘पाव’ पोर्तुगीजातून आलेला आणि वड्यातील ‘बटाटा’ही त्याच भाषेतला. आज हिंगोलीच्या बाजारात वडापाव किंवा मिसळपाव खाताना कोणासही जात गेल्यासारखे वाटत नाही. परमहंस सभेच्या सभासदांनी दार बंद करून जे धाडस केले, ते आता रस्त्यावर उभे राहून नकळत केले जाते.

यावरून परस्थ पाववाल्याचा इतिहास म्हणजे निव्वळ यशाची कथा होय, असा निष्कर्ष काढता येत नाही. समाजाने त्याला अस्पर्श्य कामाची मोकळीक दिली, त्याच्या कष्टाचे अन्न अखेर आपलेसे केले, परंतु करणाऱ्याला मात्र दीर्घकाळ परकाच मानले. अन्न स्वीकारणे आणि माणूस स्वीकारणे या दोन भिन्न घटना आहेत व त्यांच्यात पिढ्यांचे अंतर पडू शकते. ‘पाव’ हा शब्द मराठी झाला. त्याच्या कर्त्यासाठी स्वतःचा शब्द घडविण्याची गरज मराठीला अद्याप भासलेली नाही. बलुतेदारांच्या यादीत जी जागा रिकामी होती, ती शब्दकोशात अजून तशीच आहे.