होळकरांची ड्युझेनबर्ग आणि इंझोरीचं इंजन

इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांना गाड्यांचा भारी नाद. घराणं मूळचं नीरेकाठच्या होळ गावचं, हौस मात्र जगभरची. १९३०च्या दशकात त्यांच्यासाठी अमेरिकेची ड्युझेनबर्ग एसजे आली, तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली. रंग नारिंगी आणि काळा. फोटो बघताना आपण त्या रंगावरच थांबतो. खरी गंमत बॉनेटखाली होती, ती म्हणजे सुपरचार्जर.

सुपरचार्जर इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. कंपनीच्या दाव्याप्रमाणे साध्या ड्युझेनबर्गची ताकद २६५ हॉर्सपॉवर होती आणि सुपरचार्जरवालीची ३२०. पण हा पंखा फुकट फिरत नाही, त्याला इंजिनच फिरवतं. ड्युझेनबर्गमध्ये तो इंजिनाच्या पाच-सहा पट वेगाने फिरायचा. इथेच वजनाचा हिशेब सुरू होतो.

फिरणाऱ्या वस्तूत साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पंखा सहापट वेगाने फिरत असेल, तर वेग वाढवताना त्याचं वजन इंजिनाला छत्तीसपट जाणवतं. म्हणजे पंख्यातलं एक किलो इंजिनाच्या लेखी छत्तीस किलो. शिवाय वजन मध्यापासून दुप्पट लांब असेल तर त्याचा विरोध चौपट होतो. म्हणून नुसतं ‘किती किलो’ विचारून भागत नाही. ते वजन कुठे आहे आणि किती वेगाने फिरतंय, हेही विचारावं लागतं.

मी वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरीचा. आमच्याकडे इंजन म्हटलं की सुपरचार्जर नाही, विहिरीवरचं डिझेल इंजन आठवतं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे अशी इंजनं गावोगाव पोचली. एका सिलेंडरच्या त्या इंजनाला बिडाचं जाडजूड चाक असतं, फ्लायव्हील. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मधला सगळा वेळ ते जड चाकच इंजन फिरतं ठेवतं. चाक हलकं केलं तर इंजन धडधडेल, कदाचित बंदही पडेल. पंपाला एकसारखी गती हवी असते. तिथे जडपणा हाच गुण.

गाडीचं उलट. तिथे गती सतत बदलते, आणि प्रत्येक बदलाला जड पंखा आडवा येतो. सुपरचार्जरचा पुढचा इतिहास म्हणजे या अडचणीवर शोधलेली उत्तरं.

गंमत म्हणजे सुपरचार्जरचं एक घराणं गिरणीतूनच आलं. अमेरिकेत इंडियानातल्या कॉनर्सव्हिलमध्ये फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. १८६० साली त्यांनी एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन रोटरच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते भट्ट्यांना हवा पुरवू लागलं. भट्टीला घाई नसते, त्यामुळे वजनदार रोटर चालून गेले. तेच यंत्र मोटारीवर चढलं तेव्हा वजन खुपू लागलं.

मर्सिडीजने १९२०च्या दशकात वेगळी वाट धरली. त्यांच्या गाड्यांत सुपरचार्जरला क्लच होता. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच तो जोडला जायचा. नको तेव्हा ते ओझं फिरवायचंच नाही!

स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच धुराच्या जोरावर पंखा फिरवण्याचं पेटंट घेतलं होतं. तोच आजचा टर्बो. त्याला इंजिनाचा पट्टा लागत नाही, पण धुराने चाक वेगात आणेपर्यंत थांबावं लागतं. हा उशीर कमी करायला १९८५ साली निसानने टर्बोत धातूऐवजी सिरॅमिकचं चाक बसवलं. दुसरा उपाय म्हणजे चाकच लहान करणं. त्याच आकाराचं, त्याच धातूचं चाक निम्म्या व्यासाचं केलं, तर त्याचा फिरण्याला होणारा विरोध बत्तीसपट कमी होतो. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवण्यामागे हाही हिशेब असतो.

एकेकाळी राजाच्या गाडीत असलेली ही कल्पना आज तीन सिलेंडरच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाडीत आहे. इंझोरीच्या रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं असेल, तर ब्रोशरमधल्या हॉर्सपॉवरपेक्षा ती ताकद किती पटकन येते, हे महत्त्वाचं. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा कमी वेगावर, वरच्या गियरमध्ये पाय दाबून मनात आकडे मोजा. तो उशीर रीलमध्ये दिसत नाही.

आणि कोणी ‘हलकी पुली टाका, गाडी पळेल’ म्हणालं, तर जरा थांबा. बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या पुढच्या पुलीत रबर असतं, ते क्रँकची थरथर शोषून घेतं. त्याजागी अॅल्युमिनियमची साधी पुली बसवली, तर वजन कमी होतं आणि क्रँकचं संरक्षणही जातं. पंख्यातलं वजन काढणं शहाणपणाचं. पण काढण्याआधी ते तिथे कोणतं काम करतंय, हे विचारायला हवं. विहिरीवरचं ते बिडाचं चाक बघितलेल्याला हा प्रश्न सहज सुचतो.