कोकणकिनाऱ्याची देवस्थाने आणि आपले तेर

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट या बाजूची माणसे यात्रेला निघाली की त्यांचे पाय पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर या वाटांना आपोआप वळतात. समुद्र पाहावयाचा तो कधीतरी, मुलांच्या हट्टाखातर किंवा शाळेच्या सहलीत. मग काय, गाडीतून उतरावे, देवापुढे नारळ फोडावा, घटकाभर वाळूत पाय भिजवावे आणि परतीची वाट धरावी. कोकण हा परका मुलूख. तांबडी माती, भाताचे जेवण. आपला त्याच्याशी काय संबंध? मंडळी, ही आपली समजूत इतिहासाला धरून नाही. समुद्रकाठच्या देवळांना ज्या राजांनी दाने दिली, ते राजे स्वतःला आपल्या शेजारच्या एका गावाचे धनी म्हणवीत होते. ते गाव म्हणजे तेर.

तेरणेच्या काठचे तेर आपल्याला ठाऊक आहे ते गोरोबाकाकांमुळे. पण गोरोबाकाकांच्या आधी हजार-बाराशे वर्षे हे गाव ‘तगर’ या नावाने समुद्रापारही माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तीत पैठण आणि तगर ही दोन मोठी बाजारगावे म्हणून येतात. तगराहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई, आणि समुद्रकाठच्या प्रदेशातला माल तगराला येई, असे तो सांगतो. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरेही त्याने नोंदली आहेत. तेरच्या वस्तुसंग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत सापडली. बैलगाडीच्या चाकांनी आणि गलबतांच्या शिडांनी केलेले हे काम आहे.

पुढे तो व्यापार आटला, गाव लहान झाले, पण नावाचा मान राहिला. कोकणात आणि कोल्हापूरकडे शिलाहार घराण्याच्या तीन शाखांनी साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत राज्य केले. एक ठाण्याकडे, एक दक्षिण कोकणात, एक कोल्हापूरला. तिन्ही शाखांचे राजे आपल्या बिरुदांत ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, असे लिहीत. त्यांचे राज्य तेरवर नव्हते. पण आपल्याकडे एखादे ‘सोलापूरकर’ घराणे तीन पिढ्या पुण्यात राहिले तरी आडनाव टाकीत नाही, तसाच हा प्रकार.

आता या तेरच्या नावाने मिरविणाऱ्या राजांनी किनाऱ्यावर काय केले ते पाहा. खारेपाटण येथे सापडलेला रट्टराज शिलाहाराचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा आहे. अव्वेश्वराच्या देवळाला दान दिल्याची ती सनद. दान कसले? जमीन तर आहेच, पण त्याबरोबर परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने. चेमुल्य, म्हणजे चौलकडून, येणाऱ्या गलबतांना यातून सूट. देवाचा दिवा शेतसाऱ्यावर जळतो हे आपण जाणतो. इथे तो समुद्रावरच्या जकातीवर जळत होता. कोकणात खाडीच्या मुखाशी, उंच कड्यावर, गोड्या पाण्याच्या झऱ्यालगत देवळे का दिसतात, याचे उत्तर मला या ताम्रपटात सापडते. दर्यावर्द्याला जिथे आसरा आणि पाणी, तिथेच त्याचा देव. देवगडजवळच्या कुणकेश्वराविषयी अशी कथा सांगतात की, वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, तो वाचला आणि त्याने देऊळ बांधले. कथा ती कथा. पण अंधाऱ्या रात्री देवळातल्या दिव्याचा खलाशाला काय उपयोग, हे ती बरोबर सांगते.

राजापूर तालुक्यात कशेळी म्हणून गाव आहे. तेथे कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ आहे. ही मूर्ती काठेवाडातून गलबताने आली आणि गलबत पुढे हलेना म्हणून किनाऱ्याच्या गुहेत ठेवली गेली, अशी आख्यायिका आहे. कोल्हापूर शाखेच्या दुसऱ्या भोजाचा शके १११३चा, म्हणजे ११९१चा, ताम्रपट या गावाचा आहे. एवढ्यावर परतू नका. याच गावच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला, सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी-पक्षी कोरले आहेत. अशी कातळशिल्पे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर ठिकठिकाणी असून ती देवळांहून कित्येक हजार वर्षे जुनी आहेत. २०२२ साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांचा शत्रू ऊन-पाऊस नव्हे, चिऱ्याची खाण. एका दिवसात यंत्र जे कापते ते पुन्हा कुणाला कोरता येणार नाही.

मालवणचा सिंधुदुर्ग, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला, २०२५ साली जागतिक वारशात गेला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. इतकेच सांगतो, की तेथील शिवराजेश्वराच्या देवळाइतकेच दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींपाशीही थांबा. चोहीकडे खारे पाणी आणि मध्ये गोडे.

वेळ एकाच ठिकाणाला देता येण्याजोगा असेल तर मी हरिहरेश्वर सुचवीन. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे क्षेत्र आहे. जवळचे श्रीवर्धन हे १७१३ साली पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. येथे आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि नंतर डोंगराला प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा जगावेगळी आहे, बरं का. खडकाच्या खिंडीतून पायऱ्या उतरल्या की वाट थेट समुद्राच्या काठच्या कातळावर येते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तो काळा दगड असा कोरला आहे की मधाचे पोळेच वाटावे. पण ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. भरतीला तिच्यावर पाणी येते, आणि समुद्राला देशावरच्या माणसाची सवय नसते!

शिक्षकांनी येथे मुलांना एक हिशेब घालावा. कोकणातली जुनी रीत अशी, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजे येते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती आणि तिच्या आधी सुमारे सहा तास, पावणेदहाला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, तर सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. पाऊणकीचा पाढा पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्या मुलाला समुद्र स्वतः उत्तर देईल. हा केवळ अंदाज आहे. खाली उतरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारावे, आणि पावसाळ्यात ती वाट धरूच नये.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, बाणकोट आणि पुढे वेळास. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. येथल्या वाळूत थंडीच्या दिवसांत समुद्रकासवे अंडी घालतात. एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पन्नासेक दिवसांनी पिले. पूर्वी लोक ती अंडी खाण्यासाठी उकरून नेत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने गावकरीच त्यांचे राखणदार झाले. देवळात देवासमोर दगडी कासव असते, त्याला आपण वाकून पाया पडतो. वेळासकरांनी तो नमस्कार जिवंत कासवापर्यंत नेला, असे मला वाटते.

हरिहरेश्वर हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींनी कान टवकारले असतील. होय, आपलाही एक हरिहरेश्वर आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे. तिथे तीनशे एकोणसाठ मुखांचे शिवलिंग उत्खननात सापडले. शेजारच्या संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर मराठी लेख आहे, शके ९४०चा, म्हणजे १०१८चा. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हा लेख जो वाचील तो विजयी होवो, अशा आशयाचे मराठी त्यात आहे.

आणि त्याच्या जोडीचा लेख कुठे आहे? समुद्रकाठी! अलिबागजवळच्या आक्षी गावात. शिलाहार केसिदेवाच्या प्रधानाने महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य लावून दिल्याचा तो लेख. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४चा, म्हणजे १०१२चा वाचला. काही अभ्यासक तो पुढच्या काळातला मानतात. ते काहीही असो, मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांतला एक नारळीच्या बागांत आणि दुसरा ज्वारीच्या रानात आहे, हे आपल्या मुलांना कुणी सांगितले आहे काय? आक्षीची शिळा कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होती. येणारेजाणारे तिच्यावर टेकत असतील. तसे दगड आपल्या गावांतही आहेत. वेशीजवळ, पाराखाली, विहिरीच्या काठावर. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरे. त्यांना शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नये, खिळ्याने खरवडू नये. साध्या पाण्याने हलकेच धुऊन, तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरेही उठून दिसतात.

सहल आखताना क्रम उलटा लावून पाहा. आधी एका रविवारी कुडल. सोलापूरहून सुमारे चाळीस किलोमीटर. मग तेर. आणि नंतर दिवाळीच्या सुट्टीत, तिथी पाहून, ओहोटीची वेळ साधून हरिहरेश्वर.