छायाचित्रांचा मक्ता आणि त्याची मुदत

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस पसरलेल्या एव्हरशाईन सिटीतल्या एखाद्या सदनिकेत बसून जो छायाचित्रकार पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील, तुंगारेश्वराच्या पावसाळी ओढ्यांचे फेसाळ पाणी किंवा सकाळच्या विरार लोकलची गर्दी टिपून जगभरच्या ग्राहकांसाठी तयार चित्रे विकणाऱ्या एखाद्या स्टॉक संस्थेकडे पाठवू इच्छितो, त्याला आरंभीच एक निर्णय करावा लागतो. आपल्या चित्रांचा मक्ता एकाच संस्थेला देऊन त्याच्या बदल्यात वाढीव हिस्सा घ्यावा, की तीच चित्रे अनेक दुकानांत ठेवून प्रत्येकाकडून थोडेथोडे मिळवावे? हा प्रश्न संगणकाच्या युगातला वाटला, तरी मुंबईच्या चित्रव्यवसायात तो फार जुना आहे. आणि त्या व्यवसायाचा इतिहास पाहता असे दिसते की कलावंताचे हित मक्ता देण्या-न देण्यावर जितके अवलंबून राहिले, त्याहून अधिक ते मक्त्याच्या मुदतीवर आणि अटी फिरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर अवलंबून राहिले.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान तिच्या कार्यात रस घेऊ लागले, तेव्हा छायाचित्रण हा मुख्यतः हौसेचा आणि प्रतिष्ठेचा विषय होता. त्याला व्यापाराचे रूप देणाऱ्यांत सॅम्युएल बोर्न यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८६३ साली ते हिंदुस्थानात आले, हिमालयापासून दक्षिणेपर्यंत हिंडले आणि ‘बोर्न अँड शेफर्ड’ या पेढीसाठी त्यांनी काचेच्या निगेटिव्हांचा प्रचंड साठा उभा केला. प्रत्येक काचेवर एक क्रमांक कोरलेला असे, तोच क्रमांक छापील यादीत असे, आणि गिऱ्हाइकाने क्रमांक कळवला की त्या काचेवरून सूर्यप्रकाशात कागदावर नवी प्रत उतरवून ती त्याच्याकडे रवाना होई. आधी चित्र काढून ठेवावे आणि मागणी येईल तसे ते पुनःपुन्हा विकावे, ही स्टॉक व्यवसायाची संपूर्ण रीत त्या क्रमांकात सामावलेली आहे. १८७०च्या सुमारास बोर्न मायदेशी परतले. काचा मात्र पेढीच्या कपाटात राहिल्या आणि पुढे कित्येक दशके त्यांच्या प्रती विकल्या जात होत्या. ज्याच्या ताब्यात काच, त्याचा व्यापार, असा त्या काळचा दंडक होता.

याच प्रश्नाची दुसरी बाजू राजा रविवर्मा यांच्या उद्योगात दिसते. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवला, आणि घराघरांतल्या देव्हाऱ्यापर्यंत आपली लक्ष्मी-सरस्वती पोहोचवली. परंतु कर्जाचा भार आणि कारभाराची दगदग असह्य झाल्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो कारखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हवाली करावा लागला, आणि यंत्रांबरोबर पुष्कळशा चित्रांच्या छपाईचे हक्कही गेले. अडचणीत सापडलेल्या माणसाला एकरकमी सोडवणूक हवी असते आणि ती त्याला मिळते, हे खरे. पण छपाईचा हक्क हातचा गेला की चित्राची लोकप्रियता कितीही वाढो, त्या वाढीत चित्रकाराला वाटा उरत नाही. पुढील दशकांत दिनदर्शिकांवर आणि जाहिरातींत रविवर्म्यांच्या शैलीची जी अमाप उधळण झाली, ती पाहताना या हस्तांतराची आठवण ठेवली पाहिजे.

काचेची जागा फिल्मने घेतली, तेव्हा मक्त्याला एक नैसर्गिक आधार मिळाला. रंगीत पारदर्शिका, म्हणजे आपण जिला स्लाइड म्हणतो ती, मूळ रूपात एकच असे. तिची नक्कल केली की रंग आणि बारकावे उणावत. साहजिकच ती एका वेळी एकाच संस्थेच्या कपाटात राहू शके. मुंबईच्या काळबादेवीत जगदीश अग्रवाल यांनी १९८७ साली सुरू केलेली दिनोदिया ही भारतातील आरंभीची स्टॉक संस्था याच पिढीतली. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या, कडेला स्थळ आणि विषय लिहिलेल्या स्लाइडी प्रकाशपेटीवर मांडून, डोळ्याला भिंग लावून जाहिरात संस्थेचा माणूस निवड करी. निवडलेली स्लाइड छापखान्यात जाई आणि काम झाल्यावर परत येई. जगभर या व्यवसायात उत्पन्नाची वाटणी बहुधा निम्मी-निम्मी असे. त्या काळी एकाच संस्थेशी बांधून घेण्यात छायाचित्रकाराला फारसे गमवावे लागत नव्हते, कारण वस्तूच एक होती.

संगणकाने हा आधार काढून घेतला. वसईचा वाडीवाला आपली केळी एका दलालाला घालतो तेव्हा तीच केळी दुसऱ्याला विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संगणकीय चित्र मात्र हजार ठिकाणी हजार वेळा विकले तरी मूळ धन्याकडे जसेच्या तसे उरते. म्हणून आता मक्ता ही वस्तुस्थिती न राहता केवळ करारातील अट झाली आणि त्या अटीची किंमत ठरवणे भाग पडले. २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे निघालेल्या आयस्टॉकफोटो या संस्थेने ती किंमत उघडपणे मांडली: स्वतंत्र राहणाऱ्यास विक्रीच्या २० टक्के, आणि मक्ता देणाऱ्यास त्याच्या विक्रीप्रमाणे २५ ते ४० टक्के. उलट २००३ साली स्थापन झालेल्या शटरस्टॉकने मक्ता मागितलाच नाही. वर्गणीदाराने चित्र उतरवून घेतले की नवख्या छायाचित्रकाराच्या खाती सुमारे पाव डॉलर जमा होई. हिशेब सरळ होता. ४० टक्क्यांच्या वरच्या पायरीवर पोहोचलेल्या माणसालाही मक्ता तेव्हाच परवडे, जेव्हा इतर सर्व दुकानांतली त्याची संभाव्य मिळकत आयस्टॉकवर स्वतंत्र राहून होणाऱ्या मिळकतीपेक्षा कमी असे.

परंतु हिशेब मांडणाऱ्याच्या हाती आकडे बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि पुढील इतिहासाचे मर्म येथेच आहे. २००६ साली गेटी इमेजेस या बड्या स्टॉक संस्थेने आयस्टॉक ५ कोटी डॉलरला विकत घेतले. २०१० साली नवी तजवीज जाहीर होऊन स्वतंत्रांचा हिस्सा १५ ते २० टक्क्यांवर आला आणि मक्ता देणाऱ्यांचाही दर वर्षागणिक होणाऱ्या विक्रीशी जखडला गेला. २०१६ साली कॉर्बिस हा मोठा संग्रह व्हिज्युअल चायना ग्रुपकडे गेला आणि चीनबाहेरील त्याचे वितरण गेटीकडे आले. गेटी नको म्हणून जे कॉर्बिसकडे गेले होते, त्यांची चित्रे अखेर गेटीच्याच दुकानात लागली. आणि २०२० साली शटरस्टॉकने आपली रचना बदलून १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या व दर जानेवारीत प्रत्येकाने पुन्हा तळापासून चढावे असे ठरवले, तेव्हा ज्यांनी कोणालाही मक्ता दिला नव्हता त्यांनाही तोच अनुभव आला. मक्ता देणारे आणि स्वतंत्र असे दोघेही एकाच कारणाने पोळले: करारावर सही दोघांची, पण लेखणी एकाच्याच हाती होती.

आपल्या कायद्याने मात्र या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले आहे. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात मक्त्याचा परवाना, म्हणजे मूळ धन्यासह इतर सर्वांना वगळून दिलेला हक्क, स्वतंत्रपणे ओळखला गेला आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १९ अन्वये हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानावी, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानावा, आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा वापर केला नाही तर, करारात अन्यथा नमूद नसल्यास, तो हक्क आपोआप मूळ धन्याकडे परतावा, अशी व्यवस्था आहे. परवान्यांनाही हेच नियम लागू केलेले आहेत. कारागीर लिहिण्यात कच्चा असतो आणि व्यापारी पक्का, हे ओळखून कायदेमंडळाने करारातल्या मौनाचा अर्थ दुर्बळाच्या बाजूने लावला. परदेशी संस्थांच्या छापील कबुलायतीत मुदत, प्रदेश आणि न्यायालय ही सर्व कलमे आधीच भरलेली असल्याने या संरक्षणाचा लाभ तेथे क्वचितच मिळतो. तरी त्यामागचे तत्त्व प्रत्येक छायाचित्रकाराला स्वतःपुरते पाळता येते.

मक्ता मुळीच देऊ नये, असा निष्कर्ष मी यावरून काढत नाही. ज्याची चित्रे थोडी परंतु असामान्य आहेत, जो एकाच विषयाला वाहिलेला आहे, ज्याला दहा ठिकाणी शीर्षके आणि शोधशब्द भरत बसण्यास सवड नाही, त्याला एका चांगल्या संस्थेचा आश्रय हितकर ठरू शकतो. मात्र त्याने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: बाहेर पडण्याची मुदत किती दिवसांची आहे, दर बदलल्यास त्याला जुन्या अटींवर निघून जाता येते की नाही, आणि संस्था विकली गेल्यास चित्रांचे काय होते. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर मक्ता हा विश्वासाचा व्यवहार आहे; नसतील तर वाढीव टक्के हे केवळ आमिष आहे. बोर्न यांच्या काचा पेढीपाशी राहिल्या आणि रविवर्म्यांचे हक्क कारखान्याबरोबर गेले; आजच्या छायाचित्रकाराजवळ मूळ चित्र आणि त्याचा प्रताधिकार दोन्ही राहू शकतात. पूर्वसूरींना न लाभलेले हे स्वातंत्र्य त्याने कोणालाही द्यावे ते मुदतीने द्यावे, आणि मुदत संपताच परत मागण्याची धमक ठेवावी.