मालाचें वर्णन आणि विकणाराचा शब्द

नंदुरबार जिल्ह्यांतील शहादा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, म्हसावद नांवाचें गांव आहे. जळगांवजवळ रेल्वेचें स्टेशन असलेलें म्हसावद निराळें, आणि सातारा जिल्ह्यांतील म्हसवड त्याहूनही निराळें. हा भेद आरंभींच कां सांगितला, तें पुढें कळेल. या म्हसावदच्या आसपास अहिराणी, गुजरी, भिलोरी, पावरी अशा बोली कानांवर पडतात. सरकारी कागद मराठींत येतो. आणि मोबाइलवरून दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकावयाचा म्हटला म्हणजे त्याचें वर्णन पुष्कळदां इंग्रजींत द्यावें लागतें. हें वर्णन आतां माणसानेंच लिहिलें पाहिजे असें नाहीं. वस्तूचें छायाचित्र किंवा दोनचार शब्द पुरविले, कीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र क्षणार्धांत दहा ओळींचा सुबक मजकूर तयार करून देतें. ॲमेझॉन व ईबे या दोन अमेरिकन कंपन्यांनीं २०२३ सालीं हें साधन आपल्या विक्रेत्यांच्या हातीं दिलें. त्यापूर्वींच, २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यापासून, कित्येक विक्रेते आपापल्या परीनें त्याचा उपयोग करूं लागले होते. नव्या वस्तूचें कौतुक किंवा तिरस्कार करण्यापूर्वीं तिची वंशावळ पाहावी, हें बरें. मालाचें वर्णन कोणीं करावें, कोणाच्या भाषेंत करावें, आणि तें खोटें ठरल्यास कोणीं भरून द्यावें, हे प्रश्न खानदेशांत आजचे नाहींत.

विकणारा व घेणारा समोरासमोर उभे असत त्या काळीं वर्णनाची गरजच नव्हती, असा आपला समज असतो. तो बरोबर नाहीं. याच तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडा येथें दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. घोडा डोळ्यांपुढें उभा असतो, तरी त्याचें वर्णन चाललेलेंच असतें. चारी पाय व तोंड पांढरें असेल तर तो पंचकल्याण. भोंवरा कोठें आहे यावरून शुभाशुभ ठरावयाचें. आणि देवमण असला म्हणजे बाकीच्या खोडी माफ. हीं लक्षणें शास्त्राला धरून आहेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु त्यांचा एक गुण असा, कीं त्यांतील प्रत्येक शब्द जनावराच्या अंगावर बोट ठेवून दाखवितां येतो. विकणारा वाटेल तेवढी स्तुति करो; घेणारा दांत मोजतो, टाप उचलून पाहतो, दहा पावलें चालवून पाहतो. शब्द आणि वस्तु यांत हातभराचेंच अंतर असतें.

हें अंतर वाढविलें कापसानें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची सारी भिस्त मुंबईच्या बंदरावर येऊन पडली. घेणारा आतां सात समुद्रांपलीकडे. त्याला कापूस दिसत नव्हता. दिसत होतें तें गांठीवरचें नांव. भडोच, धोलेरा, खानदेश हीं नुसतीं गांवांचीं व प्रांतांचीं नांवें राहिलीं नाहींत, तर तींच मालाचीं वर्णनें झालीं. आणि वर्णन झालें कीं त्याची चोरी आलीच. हलक्या कापसाच्या गांठीवर भारी नांव घालणें, कापसांत सरकी व माती मिसळणें, पाणी मारून वजन वाढविणें, हे प्रकार इतके माजले कीं मुंबई सरकारनें १८६३ सालीं कापसांतील लबाडी बंद करण्यासाठीं स्वतंत्र कायदाच केला. दाबखान्यांस परवाना आणि गांठींवर खूण अशी व्यवस्था त्यांत होती. हा कायदा विलायतेच्या गिऱ्हाइकासाठीं होता, हें मात्र विसरतां कामा नये. ज्यानें कापूस पिकविला त्याची फसवणूक कोणी करीत असेल, ही चिंता अजून कोणाला पडली नव्हती.

ती फसवणूक रुमालाखालीं होत असे. पश्चिम हिंदुस्थानांतील पुष्कळ बाजारांत अडत्या आणि खरेदीदार हे एका फडक्याखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत व भाव ठरवीत. यालाच हत्ता पद्धति म्हणत. अमुक बोट म्हणजे अमुक रुपये, तमुक पेर म्हणजे तमुक आणे, ही भाषा दोघांना अवगत. गाडीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तेवढी ती अज्ञात. त्याच्या मालाविषयीं, त्याच्या समोर, त्याच्याच नांवानें करार होई, आणि तो कोणत्या शब्दांत झाला हें त्याला अखेरपर्यंत कळत नसे. पुढें माल जिनिंगच्या आवारांत रिता झाल्यावर ‘कापूस ओला आहे,’ ‘कवडी फार आहे,’ असें नवें वर्णन सुरू होई व त्या मानानें भाव उतरे. परत नेण्याची सोय नसे. बैल दमलेले, रात्र पडलेली. वर हमाली, तोलाई, धर्मादाय, आणि नमुना म्हणून उचललेली ओंजळ ही वेगळीच. १९२६ सालीं नेमलेल्या शेतकी कमिशननें १९२८ च्या आपल्या अहवालांत अशा प्रकारांची दखल घेऊन नियंत्रित बाजारांची शिफारस केली. वऱ्हाडांत कारंजा येथें असा बाजार १८८६ पासूनच होता व १८९७ सालीं तेथें कायदाही झाला होता. मुंबई इलाख्यांत कापसाच्या बाजारांचा कायदा १९२७ सालीं, इतर शेतमालासाठीं १९३९ सालीं, आणि महाराष्ट्र राज्याचा १९६३ सालीं झाला. या सगळ्यांतून हातीं आलेली मुख्य गोष्ट उघडा लिलाव ही होय. फडकें उचललें गेलें. बाजारसमित्यांत पुढें काय काय दोष शिरले तो विषय निराळा. पण आपल्या मालाबद्दल काय बोललें जात आहे हें विकणाराला ऐकूं यावें, एवढें तत्त्व तरी मान्य झालें.

याच सुमारास कायद्यानें वर्णनाला त्याचें खरें स्थान दिलें. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा. त्याचें पंधरावें कलम सांगतें कीं वर्णनावरून माल विकला असेल तर माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही अट करारांत लिहिली नसली तरी गृहीत धरावयाची. नमुना आणि वर्णन या दोहोंवरून विक्री झाली असेल तर माल नमुन्याशीं जुळला एवढ्यानें भागत नाहीं. तो वर्णनाशींही जुळला पाहिजे. हें कलम आजही लागू आहे. शब्द हा वस्तूचा अलंकार नसून विक्रीचा भाग आहे, इतकें मोठें तत्त्व त्यांत दोनतीन ओळींत सांपडतें.

तथापि मध्यमवर्गीय घरांत वर्णनावरून माल आला तो टपालानें. टपाल खात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू केली आणि मुंबईकलकत्त्याचीं दुकानें खेड्यापाड्यांतल्या ओसरीवर आलीं. ज्यांच्या घरीं आजोबापणजोबांच्या वेळचीं मासिकें जपून ठेवलेलीं असतील, त्यांनीं त्यांचीं शेवटचीं पानें अवश्य काढून पाहावीं. घड्याळें, केसांचीं तेलें, शक्तीच्या गोळ्या, यांचीं तीं वर्णनें वाचून आज हसूं येतें. पण पोस्टमनच्या हातीं पैसे ठेवल्यावरच पार्सल उघडावयास मिळत असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या काळच्या गिऱ्हाइकाला किती वेळां हसूं आलें असेल याची शंकाच वाटते. औषधांच्या व जादूटोण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा अखेर १९५४ सालीं करावा लागला. दुसऱ्या बाजूस सचोटीचें उदाहरणही आपल्याकडेच आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळांत आपल्या मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणून. लोखंडी नांगरानें जमीन नासते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावयाचें होतें, आणि सांगणारा कारखान्याच्या आवारांतच बसलेला होता. नांगराचा फाळ मोडला तर तक्रारीचें पत्र त्याच पत्त्यावर येणार, ही जाणीव असली म्हणजे लेखणी आपोआप जपून चालते. एका विख्यात मराठी मासिकाचा उगम मालाच्या वर्णनांत आहे, ही गोष्ट आमच्या साहित्यिक मंडळींना फारशी आठवत नाहीं!

संगणकाच्या जाळ्यावर माल विकण्याची सोय आपल्याकडे आली ती सुद्धां प्रथम हौशी हातांनीं. मुंबईंत २००० सालीं निघालेलें बाझी नांवाचें लिलावाचें संकेतस्थळ २००४ सालीं ईबेनें विकत घेतलें. ईबेचें तें भारतीय दुकान २०१८ सालीं बंद झालें. तेथें जुनें नाणें, वापरलेला कॅमेरा, असल्या वस्तु विकणारा मनुष्य स्वतःच वर्णन लिही. व्याकरण लंगडें असे. परंतु ‘उजव्या बाजूस चरा गेला आहे’ हें वाक्य ज्यानें तो चरा पाहिला तोच लिहूं शके.

यंत्राचें वर्णन येथेंच वेगळें पडतें. तें कसें लिहितें याचें गूढ फारसें नाहीं. पूर्वीं लिहिलेला अफाट मजकूर त्याला पचनीं पाडलेला असतो, आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबानें तें वाक्य जुळवितें. त्यामुळें पितळी तांब्याचें छायाचित्र दिलें तर ‘अस्सल,’ ‘पारंपरिक,’ ‘हातानें घडविलेला,’ हीं विशेषणें आपण होऊन येतात; कारण आजवर जगांत विकल्या गेलेल्या बहुतेक तांब्यांच्या वर्णनांत तीं होतीं. या विशिष्ट तांब्याच्या बुडाला पोंचा आहे हें तें सांगणार नाहीं. छायाचित्रांत बूड नव्हतें. जुन्या दलालाला खोटें बोलण्यासाठीं निदान खरें काय तें ठाऊक असावें लागे. यंत्राला तेवढीही अडचण नाहीं. २०२४ च्या जानेवारींत ॲमेझॉनवर कांहीं वस्तूंच्या नांवाच्या जागीं ‘क्षमा करा, ही विनंती मला पुरी करतां येत नाहीं’ अशा अर्थाचें इंग्रजी वाक्यच छापलेलें आढळलें. त्यांत एक खणांचें कपाटही होतें. यंत्रानें लिहावयाचें नाकारलें होतें, आणि विकणारानें तें नाकारणेंच न वाचतां दुकानांत मांडलें होतें. लोक त्यावर खूप हसले. पण हंसण्याजोगी चूक ही कमी घातक. वाचावयास गोड लागणारी चूक कोणाच्या नजरेस येते?

आतां म्हसावदकडे वळूं. समजा, तेथील एका बाईला सातपुड्यांतलें आमचूर विकावयाचें आहे. धडगांवमोलगीच्या बाजूस आंब्याच्या फोडी वाळवून होणारें आमचूर व्यापाऱ्यांना चांगलें परिचित आहे, आणि त्याचा बहुतेक नफा आजवर मधल्या हातांतच राहिला. मोबाइलवरून तें थेट पुण्याच्या गृहिणीला विकतां आलें तर त्याहून इष्ट काय? वर्णन लिहून देणाऱ्या तालुक्याच्या हुशार माणसाची मनधरणी वांचली, इंग्रजीची भीति गेली; यंत्राचा हा उपकार लहान नाहीं, आणि इंग्रजी येणाऱ्या लोकांनीं त्याला नाक मुरडूं नये. परंतु यंत्रानें त्या वर्णनांत ‘सेंद्रिय’ असा शब्द घातला. अन्नपदार्थांच्या बाबतींत हा शब्द आतां नुसतें विशेषण राहिलेला नाहीं. २०१७ च्या नियमांनीं त्याला प्रमाणपत्राची जोड दिली आहे. यंत्रानें कदाचित् ‘जळगांवच्या केळींच्या मुलखांतून’ असेंही लिहिलें. कारण म्हसावद म्हणून जें नांव छापील मजकुरांत त्याला अधिक आढळलें असेल तें रेल्वेच्या म्हसावदचें असूं शकतें. बाईनें तें वाचलें नाहीं. तिला तें वाचतां येत नाहीं. तिनें फक्त खालचें बटन दाबलें.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापार नियमांत असें आहे कीं, बाजार चालविणाऱ्या कंपनीनें आपल्या विक्रेत्यांकडून मालाचें वर्णन व छायाचित्र खरें असल्याची हमी घ्यावी. आणि माल जाहिरातीप्रमाणें नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्याचें नाकारतां येत नाहीं. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हे नियम योग्यच आहेत. १९३० च्या कायद्याचीच ती पुढची पायरी होय. पण ते करतांना विकणारा आपलें वर्णन स्वतः करतो, हें गृहीत धरलेलें दिसतें. येथें यंत्र कंपनीचें, शब्द यंत्राचे, आणि हमी मात्र म्हसावदच्या बाईची. तिच्या मालाविषयीं, तिच्या समोर, तिच्याच नांवानें करार झाला, आणि तो कोणत्या शब्दांत झाला हें तिला कळलें नाहीं. यांत व रुमालाखालच्या बोटांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. त्या काळीं पडणारा भाव तरी तिथल्या तिथें पडे. आतां दंड महिन्याभरानें, परत आलेल्या पार्सलाच्या रूपानें, दारीं येतो.

उपाय यंत्र बंद करणें हा नव्हे. फडकें उचलण्यासाठीं जें १९२७ सालीं केलें तेंच येथें करावयाचें आहे: जो शब्द विकणाराच्या नांवावर चढणार, तो आधीं त्याला त्याच्या भाषेंत ऐकविला पाहिजे, आणि वस्तूबद्दल जें यंत्राला सांगितलेलें नाहीं तें त्यानें लिहितां कामा नये. यांतील पहिली गोष्ट करणें त्याच यंत्राला मराठीपुरतें आजही अवघड नाहीं. अडचण आहे ती त्यापलीकडच्या बोलींची. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानें २०२५ सालीं ‘आदि वाणी’ नांवाचें भाषांतराचें साधन प्रयोगादाखल खुलें केलें, आणि त्यांतील पहिल्या चार भाषांत संताळी, मुंडारी व गोंडी यांजबरोबर भिलीही आहे. ही भिली मात्र मध्यप्रदेशांतली, म्हणजे म्हसावदहून पाहिलें तर सातपुड्याच्या पलीकडची, आणि पावरी तर त्या चारांत नाहींच.